लॉकडाऊन मनातून कसा काढायचा: आमच्या घरात जे जे केलं ते सगळं लिहितेय

आमच्या सासूबाई परवापरवापर्यंत दुधाची पिशवी साबणाने धुवून मगच पातेल्यात ओतायच्या. आम्ही कोणी काही बोलायचो नाही, सवय आहे म्हणून सोडून द्यायचो. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्या बिल्डिंगच्या गेटबाहेर एकट्या गेल्याला तीन वर्षं होऊन गेलीत. भाजी मी आणते, औषधं नवरा आणतो, देवळात चला म्हटलं की त्यांचा गुडघा दुखायला लागतो, आणि आम्ही तो गुडघाच समजून मलम लावत बसलोय. सगळ्यांचा लॉकडाऊन उठला, यांचा उठलाच नाही. आणि मग स्वतःकडे बघितलं तर माझाही पूर्ण उठला नव्हता, अँब्युलन्सचा सायरन आला की फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा आणि वर्गातली पोरं माझ्याकडे बघत बसायची.

मी डोंबिवलीत राहते, शाळेत शिकवते, डॉक्टर वगैरे नाही. पण आम्ही घरातली तिघं मिळून काही महिने एका समुपदेशक ताईंकडे गेलो, तिथे जे शिकलो आणि घरी करून बघितलं, त्यातलं जे खरंच उपयोगी पडलं ते लिहितेय. ज्यांच्या घरात अजून काहीतरी अडकून राहिलंय असं वाटतं त्यांनी वाचा, आणि सगळं एकदम करायला जाऊ नका, एखादी गोष्ट उचला आणि ती महिनाभर करा.

आधी हे समजून घ्या की तुमच्यात काही बिघडलेलं नाही

हे मी पहिल्यांदा लिहितेय कारण आपल्याकडे लोक इथेच अडकतात, "बाकीचे सगळे सावरले, मलाच काय झालंय" असं म्हणत बसतात. बाकीचे सावरलेत हे खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं होतं की साथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं. आणि आपल्याकडे लॉकडाऊन लागायच्या आधीच, फेब्रुवारी २०२० मध्ये, लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी जुन्या साथींमधल्या विलगीकरणावरचे २४ अभ्यास एकत्र करून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापले होते. त्यात माणसाला काय काय त्रास देतं ते स्पष्ट होतं: बंदी किती दिवस चालते, संसर्गाची भीती, कंटाळा, सामान न मिळणं, धड माहिती न मिळणं, आणि नंतर पैशांची ओढाताण आणि लोकांनी वेगळ्या नजरेने बघणं. आता आठवून बघा, यातलं आपल्या वाट्याला काय आलं नव्हतं? २१ दिवस म्हणून सुरू झालं आणि मग तारखा पुढेच जात राहिल्या, १४ एप्रिल, ३ मे, १७ मे, ३१ मे. शेवट कधी हे माहीत नसलं की मन सारखं सावध राहतं, आणि इतके महिने सावध राहिलेलं मन एखाद्या दिवशी सरकारने निर्बंध उठवले म्हणून लगेच सैल पडत नाही.

पहिलं काम: घराची तारीखवही

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

तुम्ही कोणालाही विचारा, २०२० मध्ये काय काय झालं सांग, तर लोक म्हणतात काही आठवतच नाही, सगळं एकच लांबलचक काहीतरी होतं. त्याचं कारण असं की सगळे दिवस सारखे गेले, ऑफिस नाही, लग्नं नाहीत, सण घरातल्या घरात, म्हणजे आठवणीला अडकवायला खुंटीच नव्हती. आणि जे नीट आठवत नाही ते बोलता येत नाही, आणि बोलता येत नाही ते असं मधेच सायरनसारखं वर येतं.

तर एक साधी दोनशे पानी वही घ्या. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर घरातले सगळे बसा, टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पानाच्या डाव्या बाजूला सगळ्यांना माहीत असलेल्या तारखा लिहा. मी आमच्या वहीतल्या देते, तुम्ही त्याच वापरा:

९ मार्च २०२०, पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. २२ मार्च, जनता कर्फ्यू, रविवार, संध्याकाळी ५ ला थाळ्या. २४ मार्च, रात्री ८ चं भाषण. १५ जून, लोकल सुरू पण फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी. आषाढी १ जुलैला होती आणि पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. १६ नोव्हेंबर, दिवाळीच्या पाडव्याला देवळं उघडली. १ फेब्रुवारी २०२१, ठरावीक वेळात सगळ्यांना लोकल. १४ एप्रिल २०२१, रात्री ८ पासून पुन्हा सगळं बंद, ते ब्रेक द चेन. १५ ऑगस्ट, दोन डोसवाल्यांना लोकल. ४ ऑक्टोबर, शाळा उघडायला सुरुवात. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, निर्बंध संपले.

आता उजव्या बाजूला प्रत्येकाने सांगायचं की त्या दिवशी मी कुठे होतो, काय करत होतो, काय वाटलं. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नियम एकच ठेवा, मधे कोणी दुरुस्ती करायची नाही. "अगं तसं नव्हतं, तेव्हा तू..." असं सुरू झालं की समोरचा गप्प होतो. दोन माणसांना एकच दिवस वेगळा आठवत असेल तर दोन्ही लिहा.

आमच्याकडे १५ जूनच्या ओळीवर नवरा थांबला. तो पाणीपुरवठ्याच्या कामात आहे, म्हणजे अत्यावश्यक, आम्ही सगळे घरात असताना तो पहिल्या दिवसापासून बाहेर जात होता, आधी बसने तीन तीन तास आणि मग त्या रिकाम्या लोकलने. तो म्हणाला त्या डब्यात कोणी कोणाकडे बघत नव्हतं, आणि घरी आल्यावर दारातच कपडे बादलीत टाकून आंघोळीला जाताना मुलगी लांबून हात हलवायची, ते त्याला सगळ्यात वाईट वाटायचं. इतकी वर्षं आम्ही एका घरात राहतोय आणि हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा झूमवर वर्ग कसे घ्यायचे यात इतकी बुडाले होते की मला वाटायचं याला निदान बाहेर तरी पडायला मिळतंय.

एका बैठकीत दोन-तीन तारखांच्या पुढे जाऊ नका. आमची वही पूर्ण व्हायला चार महिने लागले, आणि एप्रिल २०२१ चं पान सगळ्यात शेवटी लिहिलं, कारण आमचे सासरे त्या महिन्यात गेले. त्याबद्दल खाली लिहितेच. कोणी रडलं तर रडू द्या, पाणी द्या, वही मिटा, पुढच्या रविवारी पुन्हा काढा. आणि कोणाला बोलायचंच नसेल तर त्याने नुसतं बसायचं, तेही चालतं. आमच्या मुलीने पहिले तीन रविवार एक शब्द काढला नाही आणि चौथ्या रविवारी तीच सगळ्यात जास्त बोलली.

बाहेर पडायची भीती: थोडं थोडं, पण रोज

भीतीचं काम कसं चालतं ते ताईंनी आईंना, म्हणजे सासूबाईंना, फार सोपं करून सांगितलं. बाहेर जायचं म्हटलं की छातीत धडधड होते. मग आपण जात नाही, आणि लगेच बरं वाटतं. ते बरं वाटणंच गडबड करतं, कारण मन त्यातून शिकतं की गेलो नाही म्हणून वाचलो. प्रत्येक वेळी टाळलं की भीती अजून जाड होते. म्हणून घरच्यांनी प्रेमाने सगळं हातात आणून देणं, जे आम्ही तीन वर्षं केलं, त्याने भीतीला खतपाणीच मिळालं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं, पण ते खरं होतं.

उपाय असा की पायऱ्या करायच्या. कागदावर आठ-दहा पायऱ्या लिहा, सगळ्यात सोपी खाली, सगळ्यात अवघड वर. आईंच्या अशा होत्या: मास्क न लावता गॅलरीत उभं राहायचं, मग लिफ्टने खाली, मग गेटपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या वाण्याकडे माझ्याबरोबर, मग वाण्याकडे एकट्या, मग भाजी मार्केट सकाळी गर्दी नसताना, मग रिक्षा, आणि सगळ्यात वर फडके रोडचं गणपती मंदिर, चतुर्थीला, एकट्या.

एक पायरी रोज करायची, एकदा करून सोडायची नाही. आणि धडधड सुरू झाली की लगेच परत फिरायचं नाही, तिथेच थांबायचं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. भीती चढते, वर जाते आणि मग आपोआप उतरते, आणि ती उतरताना आपण तिथेच असलो पाहिजे, तेव्हाच मनाला कळतं की काही झालं नाही. घाबरून मधेच पळालो तर उलटं शिकतं. ज्या दिवशी धडधड जवळपास होतच नाही त्या दिवशी पुढची पायरी. आईंना गेटच्या पायरीवर तीन आठवडे लागले, आणि मी घाई केली नाही याचा मला आज आनंद आहे. "आई, आज गेटपर्यंत येता का माझ्याबरोबर, मला कचरा टाकायचाय," एवढंच म्हणायचे, भीतीचं नावसुद्धा काढायचे नाही.

(ज्यांना हार्टचा, दम्याचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, प्रत्येक धडधड मनाचीच असते असं नाही.)

लोकलच्या गर्दीची भीती बसलेले तर माझ्या ओळखीत कितीतरी आहेत, ऑफिसने बोलावलं तेव्हा लोकांनी नोकऱ्या बदलल्या त्यापायी. त्यांच्यासाठी पण हेच. पहिले चार दिवस नुसतं प्लॅटफॉर्मवर जाऊन बसा, गाड्या जाऊ द्या. मग दुपारी बारा-एकला स्लो पकडून एकच स्टेशन जा, डोंबिवलीहून ठाकुर्ली, उतरा, परत या. मग कल्याण. मग ठाणे. सकाळची ८ ची फास्ट सगळ्यात शेवटी. कोणी हसेल म्हणून लाजू नका, ठाकुर्लीला उतरून परत आलेला माणूस घरी बसलेल्यापेक्षा पुढे गेलेला असतो.

हात धुणं, पिशव्या धुणं, दाराची कडी पुसणं, हे अजून चालू असेल तर त्याला पण असंच कमी करा. आज साबणाने तीनदा धुता ना, मग उद्यापासून दोनदा, आणि हात लागल्यावर लगेच न धुता आधी पाच मिनिटं थांबा, पुढच्या आठवड्यात दहा. पण हाताची सालं निघतायत, दिवसाचे एक-दोन तास यातच जातायत, न धुतलं तर बसवतच नाही, असं असेल तर हा ओसीडी, म्हणजे मनात नको तो विचार येऊन तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, असू शकतो, मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा, त्याच्यावर चांगले उपचार आहेत आणि ते घरच्या घरी जमत नाहीत.

ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासाठी

आमचे बाबा, म्हणजे सासरे, २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. हॉस्पिटलचं नाव मी घेणार नाही, तिथली माणसं पण थकलेली होती. आम्हाला फोन आला, नवरा आणि त्याचा चुलत भाऊ किट घालून स्मशानात गेले, लांबून बघितलं, नंबर होता, पुढे रांग होती. आईंनी चेहरा बघितला नाही. घरी आम्ही सगळेच पॉझिटिव्ह, म्हणजे कोणी भेटायला आलं नाही, पिठलंभात घेऊन शेजारच्या काकू दाराशी डबा ठेवून बेल वाजवून गेल्या. दहावा मोबाईलवर झाला, मधेच नेटवर्क गेलं.

आपल्याकडे माणूस गेल्यावर जे जे करतात ते मला आधी नुसते रिवाज वाटायचे. आता कळतंय की तेरा दिवस घरात माणसांचा राबता असतो, येणारा प्रत्येक जण विचारतो "कसं झालं हो?" आणि आपण पन्नास वेळा तेच सांगतो, त्या सांगण्यातूनच ते खरं वाटायला लागतं. आमच्याकडे कोणी विचारायलाच आलं नाही. म्हणून आईंना कित्येक महिने वाटत राहिलं की ते हॉस्पिटलमधून घरी येतील. त्या तसं बोलायच्या नाहीत, पण बाबांची औषधांची डबी भरलेली असायची.

आम्ही काय केलं ते सांगते, तुम्ही तुमच्या पद्धतीने करा. ख्रिश्चन घरात मिस्सा असेल, मुसलमान घरात फातिहा असेल, काहीच मानत नसाल तर नुसतं जेवण असेल.

एक दिवस ठरवला आणि तेव्हा जी माणसं येऊ शकली नव्हती त्यांना बोलावलं. फोनवर स्पष्ट सांगितलं की तेव्हा जे राहिलं ते आता करतोय, या आणि बाबांची एक आठवण घेऊन या. उशीर झाला म्हणून संकोच वाटतो, मलाही वाटत होता, पण एकाही माणसाने "आता कशाला" म्हटलं नाही, उलट तीन जण म्हणाले की आम्हालाच तेव्हा येता आलं नाही ते मनाला लागून राहिलंय. बाबांना आवडायची म्हणून डाळिंब्यांची उसळ आणि साटोऱ्या केल्या. आईंना मधे बसवलं आणि आम्ही ठरवून त्यांना विचारलं, "आई, कसं झालं ते सांगा." त्या पाऊण तास बोलल्या. पहिला खोकला कधी आला, ऑक्सिमीटरवर किती दिसत होतं, बेडसाठी किती फोन केले, स्ट्रेचरवर जाताना त्यांनी चष्मा मागितला आणि तो घरीच राहिला. तो चष्मा आईंच्या कपाटात होता, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

नंतरच्या महिन्यात कपाट लावलं. कपडे एकदम देऊन टाकायची घाई करू नका, तीन ढीग करा, ठेवायचे, द्यायचे, अजून ठरत नाही ते. तिसरा ढीग सगळ्यात मोठा असला तरी चालेल. आणि जे बोलायचं राहिलं ते पत्रात लिहा, "प्रिय बाबा" असं सुरू करून, हाताने, कोणाला दाखवायचं नाही. नवऱ्याने लिहिलं ते मी अजून वाचलेलं नाही.

त्याला एक गोष्ट खात होती आणि ती खूप घरांत असणार. तो कामाला जात होता म्हणून संसर्ग त्यानेच आणला, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याच्यावर ताईंनी एक कागद करायला दिला. मोठं गोल काढायचं, आणि बाबा जाण्याला जी जी कारणं असू शकतील त्यांना त्यात जागा द्यायची, स्वतःला सगळ्यात शेवटी. मग त्याने लिहिलं: विषाणूचा तो प्रकार, जो तेव्हा सगळ्या देशात झपाट्याने पसरत होता. बाबांचा डायबेटिस. बेड उशिरा मिळाला. लक्षणं दिसायच्या आधीच हा आजार पसरतो, त्यामुळे कोणाला कळायचा मार्गच नव्हता. मी पण दुकानात जात होते. बाबा स्वतः बँकेत जाऊन आले होते. पाणी बंद ठेवता येत नव्हतं, कोणाला तरी जायलाच लागणार होतं. शेवटी त्याच्या वाट्याला जी चकती उरली ती अगदी बारीक होती. तो त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसला. असं अपराधीपण "तुझी काही चूक नाही रे" म्हणून जात नाही, आम्ही शंभर वेळा म्हणून झालं होतं, ते असं कागदावर मांडून स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लागतं.

दुःखाला मुदत नसते पण एक लक्षात ठेवा. सहा महिने होऊन गेले तरी रोज तितकीच तीव्र ओढ आहे, माणूस गेलंय हे मन मानतच नाही, जेवणखाण, काम, बोलणं सगळं थांबलंय, तर हा लांबलेला शोक आजार म्हणून ओळखला जातो, आयसीडी-११ या आंतरराष्ट्रीय यादीत तो आहे आणि त्यासाठी वेगळी थेरपी असते.

मुलांचं

शिक्षिका म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. जी मुलं तेव्हा पहिली-दुसरीत होती ती प्रत्यक्ष वर्गात आली तेव्हा डबा वाटून खायला घाबरायची, बाकावर शेजारी कोणी बसलं तर सरकायची. ती बहुतेक सावरली, लहान मुलांना खेळायला मित्र मिळाले की बरंच आपोआप होतं. माझा जीव जास्त अडकतो तो तेव्हाच्या दहावी-बारावीवाल्यांत. २०२१ ला दहावीची परीक्षा झालीच नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के, आणि मग या पोरांना सगळीकडे ऐकावं लागलं, "तुमची काय बाबा, कोरोना बॅच." कॉलेजात, इंटरव्ह्यूत, लग्नाच्या पंगतीत. मी त्या वर्षीच्या मुलांना शिकवलंय, कोणाच्या घरात एकच मोबाईल आणि तीन भावंडं, कोणी गच्चीत रेंज शोधत उभं राहून माझा भूमितीचा तास ऐकलाय. तुमच्या घरात असं मूल असेल, आता ते मोठं झालं असेल, तर हे वाक्य घरात कोणालाही बोलू देऊ नका, पाहुण्यांनाही तिथल्या तिथे थांबवा. आणि त्याला एकदा विचारा की तेव्हा परीक्षा रद्द झाल्यावर तुला काय वाटलं होतं. बहुतेकांना हे कोणी विचारलेलंच नाही, सगळ्यांनी धरून चाललं की आनंदच झाला असेल.

मूल खोलीतून बाहेर येत नसेल तर "मोबाईल ठेव" वरून भांडण सुरू करू नका. दिवसातलं एक काम दोघांनी मिळून करायचं ठरवा, चपात्या, गाडी पुसणं, काहीही, हात कामात असले की मुलं बोलतात, समोर बसवून विचारलं की नाही बोलत.

झोप, मोबाईल, दारू

झोपेची वेळ बिघडली ती अनेकांची तशीच राहिली. झोपायची वेळ पकडायला जाऊ नका, उठायची पकडा. रात्री कितीही वाजता झोप लागो, सकाळी ६.३० म्हणजे ६.३०, रविवारीसुद्धा, आणि उठल्यावर अर्धा तास गॅलरीत उजेडात. दुपारी डुलकी वीस मिनिटं. अंथरुणात जागं पडून राहू नका, उठून खुर्चीत बसा, पेंग आली की परत या. दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो.

बातम्या दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी, अंथरुणात नाही. तेव्हा आकडे बघायची जी सवय लागली ती आता दुसऱ्या कुठल्यातरी बातमीवर चालू आहे एवढंच.

दारूबद्दल एक महत्त्वाचं. लॉकडाऊनमध्ये वाढलेलं पिणं तसंच राहिलं असेल आणि रोजचं, भरपूर असेल, तर घरच्यांनी बाटल्या फेकून एका दिवसात बंद करायला लावू नका. अशा माणसाने अचानक सोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची.

घरात मारहाण होत असेल तर

वरचं काहीच याला लागू नाही. तारीखवही नको, समजून घेणं नको. काही बायकांचा लॉकडाऊन म्हणजे मारणाऱ्या माणसाबरोबर दार बंद करून काढलेले महिने होते, आणि ते दार उघडलं तरी मार थांबलाच असेल असं नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाईन आहे, जीव धोक्यात असेल तर ११२, मुलांसाठी १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात त्याच घरात राहायचा हक्क मिळतो, घर सोडलं तरच मदत मिळते असं नाही. शेजारी असाल तर काहीतरी निमित्त काढून बेल वाजवा, साखर मागा, तेवढ्याने ती वेळ तरी टळते, आणि ती एकटी भेटली की नंबर द्या.

डॉक्टरांकडे कधी

दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, काम होत नाही, असं असेल तर दाखवा. आधी फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, शुगर तपासून घ्या, कारण यातल्या बिघाडानेही थकवा आणि उदासी येते, आणि कोविड होऊन गेल्यावर विसरभोळेपणा बरेच महिने राहिलेलेही लोक आहेत, त्याला आळस म्हणू नका.

पैसे नसतील, कुठे जायचं कळत नसेल तर १४४१६ लावा, टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि अजूनही बऱ्याच लोकांना माहीत नाही, सोसायटीच्या बोर्डावर लावा. ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे ओपीडीत रोज साधी माणसं येऊन औषध घेऊन घरी जातात.

कोणी "मी नसतो तर बरं झालं असतं" असं बोलत असेल तर सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, औषधं-कीटकनाशक घरातून हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टर. आणि पोलीस केसच्या भीतीने लपवू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा प्रयत्न केलेल्या माणसाला त्रासात असलेला माणूस म्हणूनच बघायचं सांगितलंय, त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी धरलीय.

दरवर्षी तो महिना परत येतो

हे शेवटचं आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. सगळं छान चाललेलं असताना मार्च-एप्रिल आला की चिडचिड सुरू होते, झोप उडते, आणि कारण कळत नाही. उन्हाळ्याची ती सामसूम दुपार, सॅनिटायझरचा वास, आंब्याची पेटी दारात आली की सुद्धा, शरीराला आठवतं. तारीखवही असली की कळतं, कॅलेंडरवर त्या आठवड्याला आधीच पेन्सिलीने खूण करा आणि त्या दिवसांत मोठे निर्णय, मोठी भांडणं, लांबचे प्रवास ठेवू नका. त्या दिवशी काय करायचं ते आधी ठरवा.

आमच्याकडे बाबांच्या दिवशी नवरा रजा टाकतो, साटोऱ्या होतात, आणि वहीतलं एक पान वाचतो, कुठलंही. यंदा त्याच आठवड्यात चतुर्थी आली. मी शाळेतून घरी आले तर दार बाहेरून बंद, आई नाहीत. माझ्या पोटात गोळा आला, फोन लावला तर मागे घंटांचा आवाज. म्हणाल्या, "फडके रोडला आलेय गं, रिक्षा मिळाली मला. रांग मोठी आहे, मला उशीर होईल, तुम्ही चहा घ्या."